प्रथिनांच्या भाषांतरातला विसरलेला दुभाषी

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

जिवंत पेशी प्रथिने कशी तयार करतात, यावर आपल्या विज्ञान पुरवणीत गेल्या आठवड्यात आलेला सचित्र लेख मी दोनदा वाचला. दैनिकाने या विषयाला पाऊण पान द्यावे, जनुकापासून प्रथिनापर्यंतचा प्रवास चित्रांसह मांडावा आणि तोही सोप्या मराठीत, याचे मला मनापासून समाधान वाटले. लेखातील बहुतेक मजकूर बिनचूक होता. दोन वाक्यांविषयी मात्र लिहिणे मला आवश्यक वाटते. पहिले वाक्य असे होते : ‘रायबोसोम संदेश वाचतो, त्यानुसार योग्य ते अमिनो आम्ल निवडतो आणि साखळीला जोडतो.’ (रायबोसोम म्हणजे पेशीतील प्रथिने जोडणारे सूक्ष्म यंत्र, आणि अमिनो आम्ले म्हणजे प्रथिनाच्या साखळीचे दुवे.) दुसरे वाक्य असे : ‘पेशीतील रासायनिक क्रिया घडवून आणणारी सर्व विकरे ही प्रथिनेच असतात.’ ही वाक्ये अनेक पाठ्यपुस्तकांत आणि मार्गदर्शिकांत जवळजवळ याच शब्दांत सापडतात, त्यामुळे लेखकाला दोष देण्याचा माझा हेतू नाही. परंतु दोन्ही विधाने चुकीची आहेत, आणि पहिल्या विधानातील चूक अशी आहे की तिच्यामुळे या विषयाचा गाभाच वाचकाच्या नजरेआड होतो.

मी उच्च माध्यमिक वर्गांना अनेक वर्षे जीवशास्त्र शिकवले आणि पहिली काही वर्षे मीही हेच शिकवले. फळ्यावर रायबोसोमचे चित्र काढायचे, त्यातून संदेशवाहक आरएनएची, म्हणजे जनुकाच्या नकलेची, फीत सरकताना दाखवायची आणि डोक्यावर अमिनो आम्ल घेतलेले ट्रान्सफर आरएनए हे छोटे वाहक रेणू एकामागून एक येऊन बसताना दाखवायचे, हा ठरलेला पाठ होता. एका विद्यार्थिनीने एकदा उठून विचारले, “मॅडम, त्याच्या डोक्यावर ते अमिनो आम्ल ठेवलं कोणी? आणि नेमकं तेच ठेवायचं, हे त्याला कसं कळलं?” मी तिला ‘एक विकर असते’ एवढेच उत्तर देऊ शकले. ते उत्तर चुकीचे नव्हते, पण त्या मुलीने ज्या जागी बोट ठेवले होते तिथेच सगळा प्रश्न दडलेला आहे, हे मला नंतर अभ्यास करताना समजले. आपल्या लेखातील चित्रातही अमिनो आम्ल आधीपासूनच चिकटलेले दाखवले आहे.

प्रश्न असा आहे. डीएनए आणि आरएनए यांची लिपी चार अक्षरांची; आरएनएमध्ये ती ए, यू, जी आणि सी अशी लिहिली जाते. प्रथिनांची वर्णमाला मात्र २० अमिनो आम्लांची. तीन-तीन अक्षरांचे गट केले की ६४ शब्द तयार होतात, त्यांना कोडॉन म्हणतात. त्यांपैकी ६१ शब्द कोणत्या ना कोणत्या अमिनो आम्लासाठी आहेत आणि उरलेले तीन साखळी संपल्याची खूण करतात. इथपर्यंतचा भाग सर्वांना ठाऊक असतो. परंतु जी-सी-यू या तीन अक्षरांचा आणि अ‍ॅलॅनीन या अमिनो आम्लाचा एकमेकांशी रासायनिक संबंध काय, असे विचारले तर उत्तर येते : थेट संबंध काहीच नाही. किल्ली कुलपात बसावी तसे अ‍ॅलॅनीन त्या तीन अक्षरांवर बसत नाही. ती अक्षरे अ‍ॅलॅनीनला ओढून घेत नाहीत आणि इतर १९ अमिनो आम्लांना दूरही ठेवत नाहीत. शब्द आणि अर्थ यांच्यात असा दुरावा असताना पेशीला अर्थ कळतो कसा, हा तो प्रश्न आहे.

१९५३ साली डीएनएची दुहेरी सर्पिल रचना उलगडली, तेव्हा हा दुरावा कोणाच्या ध्यानात आला नव्हता. दुसऱ्याच वर्षी जॉर्ज गॅमोव्ह या भौतिकशास्त्रज्ञाने अशी कल्पना मांडली की डीएनएच्या दोन धाग्यांमध्ये निरनिराळ्या आकारांचे खळगे असतात आणि प्रत्येक खळग्यात एकेक अमिनो आम्ल नेमके बसते. कल्पना देखणी होती, पण रसायनशास्त्राला ती मान्य होण्यासारखी नव्हती. डीएनएची रचना उलगडणाऱ्या जोडीतील फ्रान्सिस क्रिक यांनी १९५५ साली मोजक्या सहकाऱ्यांमध्ये फिरवलेल्या एका टिपणात तिच्यावर बोट ठेवले. केंद्रकाम्लाच्या, म्हणजे डीएनए किंवा आरएनएच्या, पृष्ठभागावर हायड्रोजन बंध जोडण्याच्या जागा भरपूर आहेत, पण ल्युसीन, व्हॅलीन यांसारख्या तेलकट, पाण्यापासून दूर राहणाऱ्या अमिनो आम्लांना ओळखता येईल असे तिथे काहीच नाही, असा त्यांचा मुद्दा होता. त्यावरून त्यांनी असे अनुमान काढले की मध्ये कोणीतरी जोडणारा रेणू असला पाहिजे, ज्याचे एक टोक आरएनएची अक्षरे ओळखेल आणि दुसऱ्या टोकाला अमिनो आम्ल जोडलेले असेल. शिवाय प्रत्येक अमिनो आम्लाला त्याच्या जोडणाऱ्या रेणूवर चढवण्यासाठी एक, अशी २० वेगळी विकरे असली पाहिजेत, असेही त्यांनी लिहिले. यांपैकी एकही गोष्ट तोवर कोणी पाहिलेली नव्हती. शास्त्राच्या इतिहासात निव्वळ विचारातून काढलेली अनुमाने इतकी तंतोतंत खरी ठरल्याची उदाहरणे थोडीच असतील.

त्याच सुमारास बॉस्टनमध्ये पॉल झॅमेक्निक आणि मॅलन होगलंड उंदरांच्या यकृतातील पेशी फोडून, त्यांच्या रसात किरणोत्सारी अमिनो आम्ले मिसळून प्रथिने बनतात का, हे पाहत होते. प्रथिनाच्या साखळीत शिरण्यापूर्वी अमिनो आम्ल आधी एटीपी या पेशीतील ऊर्जा पुरवणाऱ्या रेणूची ऊर्जा घेऊन ‘सक्रिय’ होते आणि मग एका लहान, विरघळणाऱ्या आरएनएला जाऊन चिकटते, असे त्यांना आढळले. हाच ट्रान्सफर आरएनए. क्रिक यांनी कागदावर कल्पिलेला रेणू आणि प्रयोगशाळेतील नळीत सापडलेला रेणू एकच आहे, हे लक्षात यायला थोडा वेळ लागला. क्रिक यांना तो अगदी छोटा, तीन अक्षरांएवढा असेल असे वाटले होते; प्रत्यक्षात तो पाऊणशेच्या आसपास घटकांचा निघाला.

रॉबर्ट होली यांनी यीस्टमधील अ‍ॅलॅनीनच्या ट्रान्सफर आरएनएचा अक्षरक्रम १९६५ साली पूर्ण केला. हरगोविंद खोराना यांनी पुढे याच रेणूचे जनुक प्रयोगशाळेत रासायनिक पद्धतीने जोडून तयार केले. माणसाने पूर्णपणे रसायनांतून घडवलेले ते पहिले जनुक होय. होली, खोराना आणि मार्शल नीरेनबर्ग या तिघांना १९६८ सालचे नोबेल पारितोषिक मिळाले ते जनुकीय सांकेतिक भाषा उलगडण्यासाठी, आणि आपल्या लेखात त्या भाषेच्या उलगड्याची हकिकत चांगली आली आहे. केवळ यू हे अक्षर असलेला आरएनए पेशीरसात घातल्यावर केवळ फेनिलअ‍ॅलॅनीन असलेली साखळी तयार झाली, हा नीरेनबर्ग आणि हाइनरिख माथाई यांचा २७ मे १९६१ चा प्रयोग ही त्या उलगड्याची सुरुवात. परंतु यू-यू-यू म्हणजे फेनिलअ‍ॅलॅनीन हे कळले, तरी पेशीत हा अर्थ साठवलेला कुठे असतो, हा प्रश्न उरतोच.

ट्रान्सफर आरएनएची त्रिमित रचना १९७४ साली स्पष्ट झाली, तेव्हा तो रेणू इंग्रजी एल अक्षरासारखा काटकोनात वळलेला दिसला. एका टोकाला कोडॉनशी जुळणारे तीन अक्षरांचे अँटीकोडॉन आणि दुसऱ्या टोकाला अमिनो आम्ल. या दोन टोकांमधले अंतर सुमारे सात नॅनोमीटर, म्हणजे रेणूंच्या हिशेबाने बरेच लांब. एका टोकाला काय लिहिले आहे ते दुसऱ्या टोकाला स्पर्शानेही कळत नाही. अमिनो आम्ल आणि त्याचा ट्रान्सफर आरएनए या दोघांना एकाच वेळी ओळखू शकणारा रेणू म्हणजे अमिनोअ‍ॅसिल टी-आरएनए सिंथेटेझ हे विकर. बहुतेक पेशींत प्रत्येक अमिनो आम्लासाठी असे एक, याप्रमाणे २० सिंथेटेझ असतात. प्रत्येक विकराच्या एका कप्प्यात त्याचे अमिनो आम्ल बसते, शेजारी एटीपी बसतो, आणि मोठ्या पृष्ठभागावर योग्य तो ट्रान्सफर आरएनए येऊन टेकतो. मग विकर अमिनो आम्ल त्याच्या टोकाला जोडून देते. या जोडणीत एटीपीचे दोन ऊर्जाबंध खर्च होतात आणि त्यांतली बरीच ऊर्जा त्या नव्या बंधात साठून राहते. पुढे रायबोसोममध्ये दोन अमिनो आम्लांना जोडणारा पेप्टाइड बंध तयार होतो तो याच साठ्यावर. दोन भाषा जाणणाऱ्याला आपण दुभाषी म्हणतो. पेशीत हे २० दुभाषी आहेत. जनुकीय शब्दकोश पेशीत कुठे लिहून ठेवला आहे, तर या २० विकरांच्या आकारांत आणि ट्रान्सफर आरएनएच्या अंगावरील खुणांत.

आता कोणी म्हणेल की सिंथेटेझचे काम महत्त्वाचे खरे, पण रायबोसोमही येणारे अमिनो आम्ल तपासून घेत असेलच. याचे उत्तर १९६२ साली एका अत्यंत सुंदर प्रयोगाने दिले. शापव्हील, लिपमन, बेन्झर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सिस्टीनच्या ट्रान्सफर आरएनएवर सिस्टीन चढवले, आणि ते चढलेले असतानाच निकेलच्या साहाय्याने त्यातील गंधकाचा अणू काढून टाकला. गंधक गेले की सिस्टीनचे अ‍ॅलॅनीन होते. आता वाहक सिस्टीनचा आणि त्याच्यावर बसलेले अमिनो आम्ल अ‍ॅलॅनीन, अशी स्थिती झाली. हे मिश्रण त्यांनी पेशीरसात घातले, तेव्हा रायबोसोमने जिथे जिथे सिस्टीन यायला हवे होते तिथे तिथे बिनदिक्कत अ‍ॅलॅनीन जोडले. रायबोसोमने पाहिले ते अँटीकोडॉन. त्याच्या दुसऱ्या टोकाला काय आहे याची त्याने चौकशी केली नाही. म्हणूनच ‘रायबोसोम योग्य ते अमिनो आम्ल निवडतो’ हे वाक्य टिकत नाही.

वृत्तपत्राच्या वाचकांना जुन्या छापखान्याचे उदाहरण देता येईल. खिळे जुळवणारा कंपोझिटर सरावाने खणाकडे हात नेतो आणि त्या खणातला खिळा उचलून ओळीत बसवतो. कोणीतरी ‘क’च्या खणात ‘फ’चे खिळे टाकून ठेवले, तर त्याने हात योग्य खणाकडे नेऊनही छापील मजकूर चुकतो. खण भरणारा माणूस म्हणजे सिंथेटेझ. हे उदाहरण फार ताणू नये, कारण पेशीत हात कोणी पुढे करत नाही, खिळेच स्वतःहून येऊन धडकत असतात. पण जबाबदारी कोणाची, एवढे त्यातून स्पष्ट व्हावे.

खण भरण्याचे हे काम किती अवघड असते, ते आयसोल्युसीन आणि व्हॅलीन यांच्या जोडीवरून दिसते. व्हॅलीनमध्ये आयसोल्युसीनपेक्षा एक कार्बन आणि दोन हायड्रोजन एवढेच कमी असते. मोठ्या वस्तूसाठी केलेल्या कप्प्यात तिच्यासारखीच थोडी लहान वस्तू सहज शिरते, आणि शिरल्यावर तिला अडवायला तिथे काहीच नसते. केवळ पकडीच्या जोरावर निवड होत असती तर या दोघांची अदलाबदल फार वेळा झाली असती. प्रत्यक्षात ती सुमारे ३००० वेळांत एकदा होते. याचे कारण अ‍ॅलन फर्श्ट यांनी ‘दुहेरी चाळणी’ या कल्पनेने समजावले. आयसोल्युसीनच्या सिंथेटेझमध्ये दोन कप्पे असतात. पहिल्यात आयसोल्युसीनपेक्षा मोठी आम्ले शिरू शकत नाहीत. दुसरा कप्पा असा घडलेला असतो की त्यात आयसोल्युसीन मावत नाही, व्हॅलीन मात्र मावते, आणि तिथे गेलेले आम्ल वाहकापासून तोडून टाकले जाते. चुकीचे ते कापून काढण्यासाठी वेगळी जागा राखलेली असणे, आणि त्यासाठी खर्च झालेल्या एटीपीवर पाणी सोडणे, हे पेशीने पत्करले आहे. वर्गात हा भाग शिकवताना माझा तास नेहमी लांबत असे, आणि त्याची मला कधीही खंत वाटली नाही.

वाहक ओळखण्याच्या खुणाही अशाच विलक्षण आहेत. अनेक सिंथेटेझ अँटीकोडॉनला स्पर्श करून खात्री करतात, पण सर्व नाहीत. अ‍ॅलॅनीनचे सिंथेटेझ अँटीकोडॉनकडे पाहतच नाही. या-मिंग होऊ आणि पॉल शिमेल यांनी १९८८ साली दाखवले की ते ट्रान्सफर आरएनएच्या दांड्यावरील जी आणि यू अशी एकच जोडी पाहते. हीच जोडी त्यांनी सिस्टीनच्या आणि फेनिलअ‍ॅलॅनीनच्या वाहकांवर बसवली, तर त्यांच्यावरही अ‍ॅलॅनीन चढू लागले. म्हणजे संदेशाशी जुळणारी तीन अक्षरे एकीकडे आणि अमिनो आम्ल ठरवणारी खूण भलतीकडेच, असेही असू शकते.

याचा अर्थ रायबोसोम दुय्यम आहे असा मुळीच नाही. संदेशातील कोडॉन आणि वाहकाचे अँटीकोडॉन यांची जोडी नीट जुळली की नाही, हे तो बारकाईने तपासतो. जोडीची भूमिती अचूक असेल तरच त्याच्या दोन भागांपैकी लहान भागातील आरएनए तिला घट्ट धरतो. वाहकाला घेऊन येणारे प्रथिन जीटीपी या एटीपीसारख्याच रेणूचे विघटन करते, तेवढ्या वेळात चुकीचा वाहक निसटून जाण्याची दुसरी संधी मिळते. आपल्या लेखात रायबोसोमला शिस्तबद्ध कारखान्याची उपमा दिली आहे. ती वाचताना वाचकाच्या डोळ्यांपुढे सरकता पट्टा आणि क्रमाने पुढे येणारे भाग उभे राहतात. पेशीत असा पट्टा नसतो. चाळीसेक प्रकारचे वाहक उष्णतेच्या धक्क्यांनी इतस्ततः भिरभिरत असतात, रायबोसोमच्या तोंडाशी येतात, जुळत नाहीत म्हणून परत जातात, आणि बऱ्याच फसलेल्या प्रयत्नांनंतर एक जुळतो. हे सगळे होऊनही जीवाणूचा रायबोसोम एका सेकंदात १५ ते २० अमिनो आम्ले जोडतो, आणि एकूण चुकांचे प्रमाण हजार ते दहा हजार जोडण्यांत एक एवढेच राहते. या गोंधळातून निघणारी अचूकता मला कोणत्याही कारखान्यापेक्षा अधिक आश्चर्याची वाटते, आणि उपमेच्या सोयीसाठी ती झाकली जाऊ नये.

आता दुसऱ्या वाक्याकडे वळते. सर्व विकरे प्रथिनेच असतात, हा समज १९८० च्या दशकाच्या आरंभीच मोडला. थॉमस चेक आणि सिडनी ऑल्टमन यांनी आरएनएही रासायनिक क्रिया घडवू शकतो हे स्वतंत्रपणे दाखवले आणि त्यासाठी त्यांना १९८९ साली नोबेल मिळाले. परंतु सर्वांत मोठे उदाहरण प्रथिननिर्मितीतच आहे. रायबोसोम आरएनए आणि प्रथिने यांचा मिळून बनलेला असतो. जीवाणूंमध्ये त्याच्या वजनाचा सुमारे दोन तृतीयांश भाग आरएनएचा. पेप्टाइड बंध यांपैकी कोण जोडते, यावर बरीच वर्षे वाद होता. हॅरी नोलर यांनी १९९२ साली रायबोसोममधील बहुतेक प्रथिने काढून टाकली, तरी बंध जोडण्याची क्षमता शिल्लक राहिली. मग २००० साली टॉमस स्टाइट्झ, पीटर मूर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मृत समुद्रात राहणाऱ्या एका सूक्ष्मजीवाच्या रायबोसोमच्या मोठ्या भागाची रचना अणूंच्या पातळीवर उलगडली. बंध जिथे जुळतो त्या जागेभोवती केवळ आरएनए होता. सर्वांत जवळचे प्रथिन सुमारे १.८ नॅनोमीटर दूर होते. एवढ्या अंतरावरून कोणतेही प्रथिन त्या क्रियेत हात घालू शकत नाही. जगातील प्रत्येक प्रथिन ज्या ठिकाणी जोडले जाते, तिथले विकर आरएनएचे आहे. रायबोसोमच्या रचनेसाठी स्टाइट्झ, अदा योनाथ आणि चिदंबरम येथे जन्मलेले वेंकटरामन रामकृष्णन यांना २००९ सालचे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. आपल्या लेखात या पारितोषिकाचा उल्लेख आहे, आणि त्याच्या पुढच्याच परिच्छेदात ‘सर्व विकरे प्रथिनेच’ हे वाक्य आहे, म्हणून ते मला विशेष खटकले.

या शोधाने एक जुने कोडेही निम्मे सुटते. प्रथिने बनवायला प्रथिने लागत असतील तर पहिले प्रथिन कसे बनले, हा प्रश्न आधी कोंबडी की आधी अंडे यासारखा होता. बंध जोडणारा आरएनएच असेल, तर प्रथिनांच्याही आधी आरएनएच्या आधारे काहीतरी चालू असण्याची शक्यता खुली होते. निम्मे अशासाठी म्हटले की आजचे सगळे सिंथेटेझ स्वतः प्रथिनेच आहेत, आणि ती विकरेही रायबोसोमवर, इतर सिंथेटेझनी भरून दिलेले वाहक वापरूनच तयार होतात. शब्दकोश छापायलाही तोच शब्दकोश लागतो, अशी ही स्थिती आहे. हे वर्तुळ पहिल्यांदा कसे पुरे झाले, यावर आजही संशोधन चालू आहे.

एवढ्या बारकाव्यांचा सामान्य वाचकाला उपयोग काय, असे आपण विचाराल. दोन आजार शेजारी ठेवून पाहावेत. सिकलसेल आजारात हिमोग्लोबिनच्या जनुकातील एक अक्षर बदललेले असते, त्यामुळे संदेशात जी-ए-जीऐवजी जी-यू-जी येते आणि ग्लुटामिक आम्लाच्या जागी व्हॅलीन बसते. इथे दुभाष्यांनी आपले काम चोख केलेले असते. चूक मूळ मजकुरात असते आणि ती एकाच प्रथिनात उमटते. याउलट २००६ साली उंदरांच्या एका वाणात असे आढळले की अ‍ॅलॅनीनच्या सिंथेटेझमध्ये चुका कापून काढणाऱ्या भागातच किंचित दोष आहे. काही वाहकांवर अ‍ॅलॅनीनऐवजी सेरीन राहून जाई. एकही संदेश चुकलेला नसताना चुका कोणत्याही प्रथिनात होऊ लागल्या, नीट घडी न पडलेली प्रथिने मेंदूतील पुरकिंजे पेशींमध्ये साचू लागली, त्या पेशी मरू लागल्या आणि उंदरांचा तोल जाऊ लागला. माणसांतही ग्लायसीनच्या सिंथेटेझमधील बदलांमुळे हातापायांच्या मज्जातंतूंचा एक आनुवंशिक आजार होतो, हे २००३ पासून माहीत आहे. प्रथिननिर्मितीचे श्रेय सगळे डीएनएला देऊन मोकळे झाले, तर असे आजार वाचकाला समजणारच नाहीत.

औषधांचेही तसेच. टेट्रासायक्लीन, क्लोरॅम्फेनिकॉल, एरिथ्रोमायसीन ही प्रतिजैविके जीवाणूंच्या रायबोसोमवर काम करतात, हे आपल्या लेखात आले आहे. त्वचेच्या संसर्गावर लावायला देतात ते म्युपिरोसीनचे मलम मात्र रायबोसोमकडे जात नाही. ते जीवाणूंच्या आयसोल्युसीन-सिंथेटेझला अडवते. वाहक रिकामे फिरू लागले की जीवाणूची प्रथिननिर्मिती आपोआप थांबते. नखांच्या बुरशीवरील टॅव्हाबोरोल हे औषध बुरशीच्या ल्युसीन-सिंथेटेझला असेच रोखते.

दुभाषी कोण, याचा निर्वाळा देणारे आणखी एक काम मला इथे नोंदवायचे आहे. पीटर शुल्ट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांना जीवाणूच्या भाषेत निसर्गातील २० आम्लांव्यतिरिक्त एक नवे अमिनो आम्ल घालायचे होते. २००१ साली त्यांना त्यात यश आले. त्यांनी रायबोसोमला हात लावला नाही. दुसऱ्या एका सूक्ष्मजीवातून त्यांनी ट्रान्सफर आरएनए आणि त्याचे सिंथेटेझ अशी जोडी आणली, नवे आम्ल ओळखेल असे त्या सिंथेटेझचे रूप बदलले आणि यू-ए-जी या थांबण्याच्या खुणेला नवा अर्थ दिला. रायबोसोमने तो अर्थ मुकाट्याने स्वीकारला. शब्दकोशात नवा शब्द घालायचा तर कोणाकडे जावे लागते, हे त्या प्रयोगशाळेने ओळखले होते.

आपल्या लेखासोबतच्या लसींविषयीच्या चौकटीबद्दल थोडेसेच. संदेशवाहक आरएनएच्या लसी पेशीच्या केंद्रकात शिरत नाहीत आणि डीएनए बदलत नाहीत, हे आपण ठामपणे छापले ते योग्यच केले. त्यात एवढी भर घालता येईल की लसीतील संदेश वाचताना लागणारे वाहक, सिंथेटेझ आणि रायबोसोम हे सगळे आपल्याच पेशीचे असतात. लस केवळ मजकूर पुरवते, आणि वाचून झाल्यावर पेशी तो मजकूर इतर संदेशांप्रमाणेच काही काळाने नष्ट करते.

माझी आपल्याला विनंती आहे की या दोन वाक्यांची दुरुस्ती पुरवणीच्या पुढील अंकात छापावी. त्याहून मोठी विनंती चित्राविषयी आहे, कारण विद्यार्थी मजकूर विसरतात आणि चित्र लक्षात ठेवतात; स्पर्धा परीक्षांची तयारी करणारी अनेक मुले आपल्या पुरवणीतील चित्रे कापून वहीत चिकटवतात. चित्रात रायबोसोमच्या डावीकडे भरपूर मोकळी जागा आहे. तिथे एक रिकामा ट्रान्सफर आरएनए, एक अमिनो आम्ल आणि त्या दोघांना एकत्र धरून बसलेले एक सिंथेटेझ दाखवता येईल. सिंथेटेझचा आकार ट्रान्सफर आरएनएपेक्षा मोठा हवा, त्यात दोन कप्पे दिसायला हवेत आणि शेजारी एटीपीचा बाण हवा. रायबोसोमच्या मोठ्या भागात बंध जुळतो त्या ठिकाणी सध्या प्रथिनाचा हिरवा रंग भरला आहे, तो बदलून आरएनएसाठी वापरलेला निळा रंग भरावा. चित्रकारांना आवश्यक वाटल्यास मी पेन्सिलीने काढलेला कच्चा आराखडा या पत्रासोबत जोडला आहे.

कळावे,
आपली विश्वासू,
जीवशास्त्राची एक निवृत्त शिक्षिका